सही जुळत नाही

माझी थोरली बहीण औशाकडच्या एका खेड्यात दिली होती. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, तोच त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे तिचं घर बसलं. नवरा जागीच गेला. अक्काला दगडांखालून काढलं तेव्हा उजवा पंजा चेचला होता. सोलापूरला नेऊन बोटं काढावी लागली. दवाखान्यातून आम्ही तिला नांदेडला माहेरी आणलं.

अक्का बी.ए. झालेली. डाव्या हातानं लिहायला ती शिकली, पण सही दर वेळी निराळीच यायची. बँकेतला कारकून दोन कागद शेजारी धरून म्हणायचा, सही जुळत नाही, अंगठा लावा. ती निमूट अंगठा लावायची आणि घरी येईपर्यंत पदरानं शाई पुसत राहायची. शिकलेल्या बाईला याचं किती लागतं, ते तिच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नाही. दिसायचं मात्र.

पुढं मी लातुरात क्लास काढला. नायगाव, बिलोली, धर्माबादहून डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरी येऊ लागल्या, तेव्हा अक्कानं त्यांच्यासाठी वसतिगृह चालवायला घेतलं. तापानं फणफणलेल्या पोरीच्या उशाशी तीच बसायची. व्याप वाढला तशी आम्ही दोघांची कंपनी केली. सीए म्हणाले, संचालकांना डिजिटल सही लागेल.

मी अक्काला समजावलं. पेनड्राइव्हसारखं टोकन असतं, त्यात आपली सही. कॉम्प्युटरला लावून पासवर्ड टाकला की कागदावर उमटते.

"दर वेळी सारखीच येती का?" तिनं विचारलं.

"हाव. सारखीच."

दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसून माझ्याआधी तयार होती.

सीएंच्या ऑफिसातल्या बाईंनी तिच्यासमोर मोबाईल धरला. पॅनकार्ड दाखवून पूर्ण नाव सांगायचं आणि सही मीच मागितली आहे, असं म्हणायचं. अक्कानं आपलं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. सही देणाऱ्या कंपनीकडून व्हिडिओ नामंजूर होऊन आला. बाई म्हणाल्या, मधलं नावही स्पष्ट यायला हवं. मधलं नाव नवऱ्याचं. आमच्याकडं तिच्या वयाच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नसत, उखाण्यात काय ते तेवढंच. अक्का बराच वेळ खाली बघत राहिली. मग मान वर करून तिनं तिन्ही नावं सावकाश घेतली.

परतताना रिक्षात ती म्हणाली, "त्या पहाटं ढिगाऱ्यातून मी नुस्तं अहो, अहो करून राहिले होते. नाव घेऊन हाक मारली न्हाई."



टोकन आलं. सीएंच्या बाकीच्या गिऱ्हाइकांची टोकनं त्यांच्याच कपाटात असत, पासवर्डसकट. अक्कानं आपलं तिथं ठेवू दिलं नाही. सही करायची असली की ती स्वतः जायची, पर्समधून टोकन काढायची आणि डाव्या हाताच्या एका बोटानं पासवर्ड टाकायची. पहिल्या कागदाची तिनं प्रत मागून घेतली. सहीच्या जागी तिचं पूर्ण नाव छापून आलं होतं. ते बघताना तिचा चेहरा असा खुलला की सीएही काम सोडून बघत राहिले.

त्या सहीची मुदत संपत आली असतानाच अक्काला अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली. सही पुढं चालू ठेवायची तर पुन्हा व्हिडिओ हवा होता. राहू दे, असं मी म्हणालो, पण तिनं खुणेनं मोबाईल धरायला लावला. ओठ हलवत राहिली. शब्द आला नाही. शेवटी तिनंच माझा हात खाली केला. तिच्या जागी माझ्या बायकोचं नाव कंपनीत लागलं.

पावसाळा सरता सरता अक्का गेली. दिवस झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की तिचा आवाज कुणाच्याच मोबाईलमध्ये नाही. तो जुना व्हिडिओ मिळेल का म्हणून ऑफिसातल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तो थेट सही देणाऱ्या कंपनीकडं जातो, आपल्याकडं राहत नाही. मी तिकडं मेल केला. असे व्हिडिओ नातेवाइकांना देता येत नाहीत, असं उत्तर आलं. मी आणखी एकदा लिहून पाहिलं. त्याला उत्तर आलं नाही.

वसतिगृह आता बायको बघते. यंदा आलेल्या पोरींनी अक्काला पाहिलेलं नाही.