बाबांच्या ट्रॅक्टरचं बोनेट

दिवाळीच्या सुट्टीत वर्ध्याहून अल्लीपूरला घरी गेलो आणि अंगणातला ट्रॅक्टर पाहून फाटकातच थबकलो. बोनेटच्या दोन्ही बाजू ग्राइंडरने कापून तिथे जाळी बसवली होती. वरचा जाड पत्रा जाऊन त्याच्या जागी पातळ, बिनरंगाचा पत्रा आला होता.

हा ट्रॅक्टर म्हणजे बाबांचा जीव. लहानपणी माझी सायकल घासून त्याच्यावर एक ओरखडा पडला, तर ते कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलले नव्हते.

“हे काय केलं वं ताई?” मी ओरडलोच.

शेती आता ताईच पाहते. ती शांतपणे म्हणाली, “थ्रेशर लावला का रेडिएटरचं पाणी उकळून राह्यलं होतं. अन् ते जुनं बोनेट माह्यानं एकटीनं उचलवत नव्हतं. आता उचलून पाह्य.”

मी जोर लावला, तर ते इतकं सहज वर आलं की मी मागे धडपडलो. सावरत मी विचारलं,

“बाबाले मालूम आहे?”

बाबा ओसरीवर चहा पीत होते. “काऊन नाई मालूम?” तिथूनच ते म्हणाले. “कुठून कापायचं ते म्याच खडूनं आखून देल्लं.”



दुपारी ताईने मळणीसाठी ट्रॅक्टरला थ्रेशर लावला. सोयाबीन निघेपर्यंत तापमानाचा काटा एकदाही लालकडे गेला नाही. बाबा मधूनमधून जाळीपाशी हात धरून बाहेर येणारी गरम हवा बघत होते आणि ताईकडे पाहून हसत होते.