हसऱ्या चेहऱ्यांचा फॉर्म

आमच्या माणिकपूरच्या कॉलेजात दर शुक्रवारी पहिल्या तासाला दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं असायचं. श्वास येतो-जातो, तेवढाच बघायचा. समुपदेशक मॅडम मनापासून घ्यायच्या. आम्ही त्याला डुलकीचा तास म्हणायचो. शेवटी मोबाइलवर फॉर्म. झोप लागते का, जेवण जातं का, मन कसं आहे. रोल नंबर टाकून पाच चेहऱ्यांपैकी एकावर बोट ठेवायचं. लागोपाठ तीन शुक्रवार कोणाचा फॉर्म आला नाही, किंवा रडवे चेहरे आले, की मॅडम स्वतः फोन करायच्या.

चांदीपहून येणारी माझी मैत्रीण दिवाळीनंतर यायची बंद झाली. अकरावीपासून आम्ही एकमेकींची प्रॉक्सी लावत आलो होतो. आगाशीला आमच्या वाडीत फुलं तोडायची घाई असली की माझ्या नंबरला तीच आवाज बदलून 'प्रेझेंट' म्हणायची. त्यामुळे आता तिचा फॉर्मही मीच भरू लागले. मॅडमच्या चौकशीतून तिला वाचवलं म्हणून स्वतःवर खूश होते. मोठी शहाणी ना मी!

पहिल्या आठवड्यात तिने पोट दुखतंय असं कळवलं. दुसऱ्यात नुसता अंगठा पाठवला. त्यानंतर माझे मेसेज तिने उघडलेसुद्धा नाहीत, आणि मी तिच्या नावावर हसरे चेहरे टाकत राहिले. एकदा नवीनच प्रश्न होता: या आठवड्यात कोणाशी मनातलं बोललात का? बोट जरा अडखळलं, पण पुढच्या तासाचे सर वर्गात आले होते. मी 'हो' केलं.

पाचव्या शुक्रवारी तिचा फोन बंद लागला. दुसऱ्या दिवशी विरारहून बस धरून चांदीप गाठलं. तिची आई दारात तांदूळ निवडत होती. परीक्षेचं टेन्शन आहे, म्हणाली, दोन दिवस ताटाला हात लावला नाही. आतल्या खोलीची खिडकी भर दिवसा बंद होती. मैत्रीण भिंतीकडे तोंड करून पडली होती. केसांना कितीतरी दिवसांत फणी लागली नव्हती.

तिने मागे वळून न बघता विचारलं, मॅडम कॉलेज सोडून गेल्या का? नाही, म्हटलं.

"तीन शुक्रवार गेले की फोन येतो ना? मी रोज मोबाइल उशाशी घेऊन पडायची. आपनहून सांगायला जमत नव्हतं. कोनी विचारलं असतं तर बोलली असती. कोनी केलाच नाय. मग काल बंद करून टाकला."

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, पण खरं तेच बाहेर पडलं. तुझे फॉर्म मी भरत होते, म्हणाले. वाटलं, चिडेल, मला हाकलून देईल. मला तेच हवं होतं.

"म्हंजे तिकडं मी बरी होते," ती म्हणाली.

मी तिथेच जमिनीवर बसून मॅडमना फोन लावला. शनिवार होता, नुसती रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, तरी तेच. मग हे परीक्षेचं टेन्शन नाही, हे सांगायला मी तिच्या आईला आत हाक मारली.