मेगापिक्सेलवाले दाजी

आमच्या दाजींना एखादा फोटो आवडलेला मी पाहिला नाही. त्यांना त्यातले मेगापिक्सेल आवडत. बारशाचा फोटो दाखवला, की बाळाकडे न बघता ते दोन बोटांनी तो ताणत आणि म्हणत, "फाटतोय." झालं. बाळाचा निकाल लागला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कॅमेरा त्यांनी जन्मात विकत घेतला नाही. ज्ञानाला खर्च थोडाच येतो! कुठलाही सौदा करायला त्यांना नेलं नाही तर राग, नेलं तर पश्चात्ताप. मी नेहमी पश्चात्तापच निवडला.

माझ्या मुलीच्या लग्नाचे फोटो ठरवायला आम्ही सलीमभाईंच्या स्टुडिओत गेलो. फाइल किती मोठी, अल्बमचं पान किती जाड, ड्रोन किती वेळ उडायचा, सगळं दाजींनी घरूनच लिहून आणलेलं. सलीमभाईंनी आकडा सांगितला. दाजी तुच्छतेने हसले.

"एवढ्यात पुण्याचा माणूस येतो."

"तो बुला लो ना दाजी, रोका किसने?"

मग काटछाट सुरू झाली. यादीतला ड्रोन काही हलेना. शेवटी दाजींनी 'ग्रुप फोटो' खोडले. "रांगेत बसून फोटो काढायचा जमाना गेला. आता सगळं नकळत टिपतात."

"बुजुर्ग लोगां नाराज होते, दाजी."

"तुम्ही फोकस सांभाळा."

मी निमूट सही केली. घरात मला कर्ता पुरुष म्हणतात.

लग्न चितेगावजवळच्या कार्यालयात लागलं. आईची तिन्ही भावंडं आली होती: पाचोडचे थोरले मामा, कन्नडची मावशी, धाकटे मामा. कित्येक वर्षांनी चौघं एकत्र. आईने चार खुर्च्या मांडून घेतल्या आणि सगळे नीटनेटके होऊन बसले.

"ग्रुप कागदात नाही," दाजी म्हणाले, "आणि आत्ता ड्रोन वर आहे."

मी मोबाइल काढला, तर तोही त्यांनी खाली करायला लावला. "उजेड मागून येतोय. खराब फोटोपेक्षा नसलेला बरा."

आणि मी मोबाइल खिशात ठेवला! अर्ध्या तासाने थोरले मामा उठले आणि पाचोडच्या जीपला गेले.

दोन महिन्यांनी मामा वारले. दिवसकार्य झाल्यावर आईने एवढंच विचारलं, "आमचा चौघांचा फोटो हाय का रं?"

दाजी समोरच होते. चहा तसाच टाकून उठले. सलीमभाईंकडून न निवडलेले सगळे फोटो पेनड्राइव्हवर आणले आणि आठ दिवस कॉम्प्युटरला डोळे लावून बसले. अखेर एक सापडला. पुढे जिलेबीचं ताट, अगदी लख्ख. मागे धुरकट चार खुर्च्या आणि वाट बघणारी चार माणसं. दाजींनी ताट कापलं, उरलेलं मोठं करून फ्रेम केलं.

"आई, नीट दिसत नाही," ते खाली मान घालून म्हणाले.

आईने पदराने काच पुसली. "दिसतंय की. दादानं माझा हात धरलाय बघा, हितं."

मी वाकून पाहिलं. मला एक पांढुरका डाग दिसला.

"व्हय आई," दाजी म्हणाले, "एकदम स्पष्ट."