गायकरची सोळा घरं

ड्रॉइंग ऑफिसात बारा वर्षं काढली की किस्से आठवावे लागत नाहीत, एक सांगायला घेतला की मागचे चार आपोआप बाहेर पडतात. माझ्या किश्श्यांची अडचण एकच. प्रत्येकात गायकर असतो, आणि प्रत्येकात तोच भाव खाऊन जातो!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भिवंडीबाहेर, शेलारच्या बाजूला, निराधार म्हाताऱ्यांसाठी सोळा खोल्यांची बैठी वसाहत बांधायची होती. तिचं ड्रॉइंग आमच्याकडे आलं. मी डिप्लोमावाला ड्राफ्ट्समन. गायकर राहनाळच्या शेतकऱ्याचा मुलगा, साधा ट्रेसर. मी काढायचं, त्याने गिरवायचं.

गिरवताना पठ्ठ्याने उंबरठेच गाळले! मी शीट घेऊन तडक कर्णिकसाहेबांच्या केबिनमध्ये. म्हटलं, आज याची चंपी होणार.

साहेबांनी गायकरला बोलावून विचारलं, "का रे?"

"साहेब, माजा बापूस उंबऱ्याला ठेचकाळून पडला. मंग उठलाच न्हाय."

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "गुप्ते, बाकीच्या शीटवरचे उंबरठे खोडा."

दुपारभर मी ब्लेडने माझेच उंबरठे खरवडत बसलो.

*

एकदा सकाळी ऑफिसात शिरतो तर गायकर दोन्ही गुडघ्यांना लाकडी पट्ट्या बांधून, जमिनीवर खडूने आखलेल्या संडासात उठबस करतोय! "म्हाताऱ्याचं गुडघं वाकत न्हाईत, म्हणून बघतो," म्हणे.

तेवढ्यात साहेब आले. मी मनातून खूश.

साहेबांनी पाहिलं, कोट काढला आणि म्हणाले, "गुप्ते, तुमच्या दोन पट्ट्या आणा. आणि सुतळी."

*

मग मीही ठरवलं, आपण सर्व्हे करायचा. कोणाला न सांगता शेलारला गेलो. एका ओसरीवर म्हातारी बसली होती.

"मावशी, घर कसं हवं तुम्हाला?"

"निजल्या जागंवरून दारात कोन आलंय त्ये दिसलं पायजे. आमच्याकडं येतंय कोन? आलंच तर दिसाया नको?"

मला अगदी भरून आलं. वहीत लिहून घेतलं. आता बघू गायकर काय करतो!

म्हातारी म्हणाली, "पन तू कशाला लिवतोस? काल त्यो काळा पोऱ्या समदं लिवून घेऊन गेला."

*

व्हरांड्यातला पाइपचा कठडा मात्र माझा. शंभर टक्के माझा! म्हाताऱ्यांनी धरून चालावं म्हणून.

माणसं राहायला आली. एक मोठे अधिकारी बघायला आले, तेव्हा कठड्यावर सोळा घरांच्या गोधड्या वाळत होत्या.

"वा! ही वाळवणाची सोय कोणाची आयडिया?"

गायकर पुढे होऊन म्हणाला, "गुप्तेसाहेबांची!"

तो हे मनापासून म्हणाला. तेच जास्त लागलं.

*

आता शेवटचा. हा मी घरीसुद्धा सांगितलेला नाही.

शेवटच्या शीटच्या कोपऱ्यात, काढणाऱ्याच्या चौकटीत, साहेबांनी गायकरला सही करायला लावली होती. ती मी खरवडली आणि माझी केली.

उद्घाटनाच्या दिवशी, माणसं राहायला यायच्या आधी, साहेबांनी शीट उघडली, चौकटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. माइकवर म्हणाले, "नकाशा काढणारे गुप्ते नारळ फोडतील."

नारळ रहीमचाचांच्या हातात होता. उभा जन्म यंत्रमागावर काढलेला, आता यातल्याच एका खोलीत राहायला येणारा माणूस. त्यांनी तो सोडला नाही. "ये नहीं साहब. वो, वो वाला!"

सगळे गायकरकडे बघायला लागले. माझे कान तापले.

गायकर म्हणाला, "चाचा, यही है. मैं तो सिर्फ पूछने आता था."

चाचांनी मला खालून वर न्याहाळलं. "अच्छा? तो बताओ बेटा, मेरी खटिया कौन-सी दीवार को लगेगी?"

मला काय ठाऊक! चाचांच्या मागे उभ्या गायकरने हळूच डावा कान खाजवला.

"बायीं," मी म्हणालो.

चाचांनी नारळ माझ्या हातात दिला.