ठोक्याची वाट

गल्लीच्या टोकाला, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून, धनुष्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणणं म्हणजे जरा जास्तच झालं. एक लांबट खोली, एक खिडकी आणि पायाखाली लाकडाचा भुसा, एवढंच. मागच्या दाराने ही खोली थेट स्वयंपाकघराला मिळते. तिथे धाकटा काम करतो. वय साठीला टेकलं, केस पिकले, दोन दाढा गेल्या, तरी तो धाकटाच. थोरला गेला म्हणून काही धाकट्याला बढती मिळत नाही.

थोरला होता तेव्हा एक धनुष्य दोघं मिळून करत. लाकूड निवडणं, तासणं, रंधा मारणं ही कामं कुणीही करो, खरी परीक्षा त्यानंतर. धनुष्याचे दोन हात सारखे वाकले पाहिजेत. एक हात ताठ राहिला तर सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि तो बिचारा एक दिवस मोडतो. म्हणून भिंतीवरच्या खाचेत धनुष्याची मूठ बसवायची, त्याच्या दोरीला आकडा लावायचा, आकड्याचा दोर खालच्या कप्पीतून घ्यायचा आणि हळूहळू ओढायचं. ओढताना कमान कुठे अडते ते बघायचं, तिथे कोळशाने खूण करायची, मग धनुष्य उतरवून काचेच्या तुकड्याने त्याचं पोट, म्हणजे आतलं अंग, तेवढंच खरवडायचं, की पुन्हा भिंतीवर. खरवडलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही, त्यामुळे घाई करणाऱ्याचं इथे काम नाही.

दोर धाकट्याने ओढायचा आणि बघायचं थोरल्याने. ओढणाऱ्याच्या दंडाला ताण जाणवतो, आणि एकदा ताण जाणवला की डोळा खोटं बोलायला लागतो, असं थोरल्याचं मत. थोरल्याचं मत म्हणजे त्या घरात कायदाच. तो समोरच्या भिंतीशी तिपाईवर बसे, हातात काठी घेऊन. जमिनीवर एक ठोका पडला की आणखी ओढायचं. लागोपाठ दोन पडले की हळूहळू सोडायचं. ठोका पडला नाही तर आहे तिथेच धरून ठेवायचं, कारण थोरला बघतोय. तोंडाने बोलायचं नाही. दोरी किती ओढली ते मोजायला भिंतीवर रेघा रंगवल्या होत्या, धाकट्याने त्यांच्याकडे तोंड करून उभं राहायचं आणि काही झालं तरी मागे वळायचं नाही.

तरुणपणी तो एकदा वळला होता. रस्त्यावर दोन बायकांचं कडाक्याचं भांडण जुंपलं होतं आणि तेव्हा त्याला असल्या गोष्टींची भारी हौस. दोर हातातून निसटला. बाण न लावता ओढलेलं धनुष्य तसंच सुटलं, तर सगळा जोर त्याच्या स्वतःच्याच अंगावर येतो. त्याच्या चिरफळ्या उडाल्या. थोरला दोन आठवडे धाकट्याशी एक शब्द बोलला नाही. पुढे भिंत कोसळली असती तरी धाकटा वळला नसता.

त्या ठोक्यांची घराला इतकी सवय झाली होती, की ते चालू असताना कुणाला ऐकूच येत नसत. पाहुणे विचारत, हे काय ठोकतंय, तेव्हा वहिनी म्हणत, कुठे काय? थांबले की मात्र कळायचं. थोरल्याची मुलगी पाळण्यात होती तेव्हा ठोके थांबले की जागी व्हायची. ही मुलगी पुढे अशी काही उंच वाढली, की घरीदारी सगळे तिला शिडी म्हणतात. माळ्यावरचा डबा काढायला त्या घरात स्टूल लागत नाही.

थोरला गेला तो एका दुपारी, जेवणाआधी. मोठ्या माणसाचं, लांब ओढीचं धनुष्य भिंतीवर होतं. ठोका पडला, धाकट्याने ओढलं. ठोका पडला, ओढलं. दोरी तांबड्या रेघेपाशी आली आणि पुढचा ठोका पडला नाही. थोरला बघतोय. धाकट्याने धरून ठेवलं. दंड भरून आले, घाम भुवईवरून डोळ्यात उतरला. किती बघतोयस बाबा, आता काय नजर लावतोस का त्याला, असं त्याच्या मनातही आलं. शेवटी तो भिंतीलाच म्हणाला, "दादा, हात गळायला आले." उत्तर आलं नाही. कामात उत्तर येत नसेच. मग मागे काठी पडली आणि गडगडत त्याच्या टाचेला येऊन लागली. तेव्हा तो वळला, दोर मुठीत धरूनच.

डॉक्टर म्हणाले, झटक्यात गेले, कुणाच्या हातात काही नव्हतं. डॉक्टरांचं बरोबरच असेल. पण धाकट्याच्या हातात दोर होता. तो किती वेळ तसा उभा होता, हे त्याचं त्यालाही ठाऊक नाही. एवढंच कळलं, की ओढलेलं ते धनुष्य इतका वेळ ताणलेलं राहिलं, की दोरी काढल्यावरही सरळ झालं नाही. लाकूड तसंच बसलं. त्याने ते कपाटामागे सारलं आणि घरी सगळ्यांना सांगितलं, "दादा पडला, मी वळलो, संपलं होतं." मधला वेळ त्याने कुणाला सांगितला नाही.

लोक म्हणतात, मेलेल्या माणसाचा आवाज ऐकू येतो. तसा आवाज यावा म्हणून तर धाकट्याने देव पाण्यात ठेवले असते. त्याला ऐकू येई ते आवाजाचं थांबणं. सायकलवाल्याची हातोडी थांबली की याचा घास हातातच राही. वरच्या मजल्यावरचं शिलाईयंत्र बंद पडलं की हा अंथरुणात उठून बसे. एकदा न्हाव्याच्या दुकानात कात्री थांबली म्हणून त्याने मान गर्रकन वळवली आणि कान कापून घेतला. न्हावी म्हणाला, "अहो, मी फक्त बघत होतो, दोन्ही बाजू सारख्या झाल्या का ते." धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. न्हाव्याला वाटलं, रक्ताला घाबरला.

तेव्हापासून तो फक्त लहान मुलांची धनुष्यं करतो. एकट्याने ओढायची, दोर खुंटीला गुंडाळायचा, मागे जाऊन बघून यायचं. पोरांचे हात ते केवढे, ओढ त्या तांबड्या रेघेच्या आतच संपते. कुणी मोठं धनुष्य मागितलं तर लाकूड ओलं आहे, सरस मिळत नाही, गुडघा दुखतो, अशी कारणं त्याच्याकडे तयार. तिपाई जागची हलली नव्हती. तिच्याभोवती झाडू फिरे, तिच्याखाली नाही.

मग शिडीने धनुष्य मागितलं.

ती शाळेपासून उसन्या धनुष्यांवर नेमबाजी शिकलेली. आता तिची निवडीची स्पर्धा होती, आणि तिच्या लांबलचक हातांना पुरेल असं लाकडी धनुष्य अख्ख्या बाजारात नव्हतं. "काका, तूच करायचंस," ती म्हणाली. "बाबांच्या घरचं पाहिजे मला." यावर लाकूड ओलं आहे असं सांगणार कोण? त्याने सांगितलं. तिने फळी उचलून गालाला लावली. "कोरडी ठणठणीत आहे. आणखी काय?"

त्याने धनुष्य केलं. लाकूड चिवट निघालं, पिवळसर, खालच्या हातात फक्त एक छोटीशी गाठ. तासलं, पाठीवर, म्हणजे बाहेरच्या अंगाला, लाकडाचा एकच थर टोकापासून टोकापर्यंत अखंड राखला, मूठ तिच्या पंजाच्या मापाने घडवली. मग भिंतीवर चढवलं आणि तांबड्या रेघेपर्यंत ओढलं. तिथे त्याचे हात थांबले. त्याने पुन्हा प्रयत्न केला, दुसऱ्या दिवशी केला, सकाळी उपाशीपोटी केला. रेघ आली की मागची खोली एकदम रिकामी होई आणि पाठीवर कुणीतरी बघत असल्यासारखं वाटे. ठोका पडल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे त्याच्या हाडांत भिनलं होतं, आणि ठोका देणारा नव्हता.

"झालं का?" शिडीने विचारलं.

"जवळजवळ."

तिने भिंतीकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं, स्वतःच्या हाताकडे पाहिलं. "माझी ओढ याच्यापुढे वीतभर आहे, काका. तू नाही ओढलंस तर राहू दे. दे इकडे, उरलेलं मी मैदानात ओढते."

धाकट्याने धनुष्यावरचा हात काढला नाही. भिंतीवर न ओढलेलं धनुष्य माणसाने पहिल्यांदा पूर्ण ओढायचं, म्हणजे त्या गाठीशी दगा झाला तर फळीचा तुकडा सरळ तिच्या गालात, डोळ्यात. थोरल्याने तर मेल्यावरही माफ केलं नसतं. आणि ही पोरगी बोलली की करते, हट्ट बापाचाच आहे. "नको," तो म्हणाला. "इथेच ओढू. बघायला कोणी तरी लागेल."

"मी बसते."

ती भुशातून चालत गेली आणि तिपाईवर बसली, जणू काल कुणीतरी उठून गेलं असावं. काठी कोपऱ्यात होती, ती घेतली. धाकट्याने तोंड भिंतीकडे केलं. तळहात धोतराला पुसले, दोर मनगटाला एक वेढा घेऊन धरला.

ठोका पडला.

दोन वर्षांनी त्या जमिनीवर ठोका पडला. हात आपसूक चालले. ठोका, ओढ. ठोका, ओढ. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होता, वहिनी पीठ मळत होत्या. तांबडी रेघ आली. त्याने श्वास रोखला. ठोका पडला. त्याने ओढलं आणि रेघ ओलांडली. इतकं सोपं होतं का हे, असं त्याला वाटलं, रडूच येईल असं झालं. आणखी एक ठोका. दोरी ताठ झाली, लाकूड हलकेच करकरलं.

पुढचा ठोका पडला नाही.

थोरला बघतोय, हात म्हणाले. धर. त्याने धरलं. घाम डोळ्यात आला. मागे काहीच नव्हतं, श्वासही नाही. सगळं अगदी त्या दुपारसारखं होतं. धाकट्याला पुढचं सगळं पाठ होतं. आता काठी पडणार होती.

त्याने दोर सोडला आणि वळला.

मागे भिंतीवर बंदुकीसारखा आवाज झाला, चिरफळ्या छताला लागून खाली आल्या. त्याचं लक्ष नव्हतं. तो भुशात धडपडत, एका गुडघ्यावर पडत तिपाईशी पोचला आणि त्याने शिडीचे दोन्ही खांदे गच्च धरले. ती डोळे विस्फारून त्याच्याकडे बघत होती. जिवंत होती, चांगली लालबुंद होती, आणि संतापलेली होती.

"काका! मी बघत होते! गाठीशी अडत होतं, तेच बघत होते मी. काय केलंस हे?"

तेवढ्यात मागचं दार भिंतीवर आपटलं. दारात वहिनी उभ्या होत्या. कोपरापर्यंत पीठ, एका पायात चप्पल, पदर कुठल्या कुठे. पोरगी तिपाईवर धडधाकट बसलेली दिसली तशी त्यांनी चौकट धरली.

"ठोके थांबले," त्या म्हणाल्या. "थांबले म्हणून आले."

चिरफळ्यांचा आवाज ऐकून त्या आल्या नव्हत्या. पीठ मळता मळता, त्याच्याही आधी, त्यांनी धाव घेतली होती. हे धाकट्याला कळायला एक क्षण लागला.

"त्या दिवशीही थांबले होते," वहिनी म्हणाल्या. आवाज फाटला होता. "मला वाटलं, हे बघतायत. मी भांडी घासत राहिले. सगळी भांडी घासली, भाऊजी. पालथी घालून ठेवली."

धाकट्याने इतके दिवस गिळलेलं तेव्हा बाहेर पडलं. "मी इथेच होतो, वहिनी. पाठ करून उभा होतो. दोर धरून."

"माहीत आहे मला. कपाटामागचं धनुष्य मी पाहिलंय. या घरात मला वाकलेलं लाकूड कळत नाही असं वाटलं का तुम्हाला?"

शिडीने काठी मांडीवर आडवी घेतली होती. ती दोघांकडे बघत होती, आणि तिचा राग कुठे गेला ते तिलाही कळलं नसावं.

"मी आतल्या खोलीत अभ्यास करत होते," ती हळू आवाजात म्हणाली. "मलाही ऐकू आलं, थांबलेलं. मला तर बरं वाटलं होतं, काका. म्हटलं, बाबा बघतायत, तोवर धडा संपेल."

वहिनी आत आल्या आणि भुशात, लेकीच्या पायाशी बसल्या. त्यांचे पिठाचे हात तिच्या गुडघ्यांवर उमटले. धाकटाही उठला नाही. बाहेर सायकलवाल्याची हातोडी चालू होती, मग ती थांबली, आणि तिघांनीही एकदम एकमेकांकडे पाहिलं.

"काहीतरी बोला," वहिनी म्हणाल्या. "कुणीतरी बोला."