पेन्सिलीतली खाडी

आमच्या आवडत्या चित्रकाराचं शेवटचं चित्र म्हणून जे आमच्या मंडळींत ओळखलं जातं, त्यातली एकही रेघ त्यांची नाही. सगळ्या माझ्या आहेत. त्यांची आहे ती फक्त खालची सही. हे आता मी लिहून ठेवतो आहे, कारण ते पहिल्यापासून माहीत असलेला दुसरा माणूस केव्हाच गेला.

ऐंशीच्या दशकात एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत त्यांची चित्रकथा यायची. एक विसराळू पोस्टमन हमखास चुकीच्या दारात पत्र टाकायचा, आणि ते नेमकं तिथंच कुणाच्या तरी उपयोगी पडायचं. आम्ही पाच-सहा जण त्या पोस्टमनपायी वेडे झालो होतो. सगळे संसारी, नोकरीवाले, चाळिशी गाठलेले.

काका (आम्ही त्यांना काकाच म्हणायचो) डोंबिवलीत माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचे. कुणी मागितलं तर खास त्याच्यासाठी चित्र काढून द्यायचे. त्यांची एकच अट असे. ज्याचं चित्र हवं त्याच्याविषयी ते पोस्टकार्डावर एकेक प्रश्न पाठवायचे आणि आपण कार्डावरच उत्तर द्यायचं. हसताना मान कुठे जाते? चप्पल कुठल्या बाजूने झिजते? चार-पाच कार्डं झाली की चित्र तयार व्हायचं. त्यात तो माणूस आणि त्याच्या दारात पत्र घेऊन उभा असलेला पोस्टमन.

चित्र मिळालं की रविवारी सकाळी ते ठाण्याला आमच्यातल्याच एका शाळामास्तरांच्या घरी सतरंजीवर मांडलं जाई. हात धुतल्याशिवाय जवळ यायचं नाही, आणि चित्र उचलल्याशिवाय चहा नाही.

"देव मांडलाय का मधे? चहा गार होतोय," मास्तरांची बायको आतून ओरडायची.

"वहिनी, देवाला तरी आपण इतका वेळ कुठं बघतो?"

मग अर्धा अर्धा तास नुसत्या एका छत्रीच्या दांड्यावर चर्चा. तशा सकाळी पुन्हा वाट्याला आल्या नाहीत. आजही रविवारी दहाच्या सुमारास मला उगाचच हात धुवावेसे वाटतात.

आमच्यातला एक ठाण्याच्या खाडीकाठच्या कोलशेतचा होता. कोळ्याचा मुलगा, तिथल्याच एका कारखान्यात फिटर. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले होते आणि त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. नव्वदच्या पुढेमागे त्याने काकांकडे चित्र मागितलं. खाडीत होडी, होडीत वडील, आणि गुडघाभर पाण्यात उभा राहून त्यांना पत्र देणारा पोस्टमन.

"माझ्या बापसाला जन्मात एक पत्र आलं नाही, काका. एक तरी येऊ द्या."

त्या चित्रासाठी कार्डांची संख्या अकरावर गेली. काकांचा हात तोवर थरथरायला लागला होता, हे आमच्यापैकी फक्त मला ठाऊक होतं. एके दुपारी त्यांनी मला बोलावून कागद हातात दिला. चित्र नुसतं पेन्सिलीत होतं.

"शाई लावणार नाही आता. असंच दे त्याला. हात चालत नाही तर नाही चालत, दिसू दे की!"

मी कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. साहेबांनी पेन्सिलीत काढलेलं घ्यायचं, चार कच्च्या रेघांतली बरोबर ती निवडायची, तिच्यावर शाई फिरवायची, वाळली की बाकीचं रबराने साफ करायचं. वीस वर्षं हेच केलं होतं. माझ्या डोळ्यांना ते चित्र अपुरं दिसलं. लोक म्हणतील काका संपले, ही भीती होती. पण ते निम्मंच खरं. त्यांच्या चित्रावर एकदा तरी माझं पेन फिरावं, हीसुद्धा इच्छा होती. शनिवारी दुपारी बोर्डावर कागद लावला आणि संध्याकाळपर्यंत सगळं शाईत काढलं. पाण्याच्या वाकड्यातिकड्या रेघा सरळ केल्या. मग सवयीने रबर फिरवला.

मास्तरांच्या घरी चित्र मांडलं तेव्हा सगळे त्यावर वाकले. मग एक जण म्हणाला, "बघा, हात अजून तस्साच आहे!" फिटर नुसता वडिलांच्या तोंडाकडे बघत बसला होता.

पुढच्याच रविवारी मंडळींनी हौसेने काकांना ठाण्याला आणलं. काकांनी चष्मा लावला, चित्र जवळ घेतलं, बराच वेळ पाहिलं. त्यांनी पेन मागितलं आणि खाली सही केली. सहीतलं प्रत्येक अक्षर हललेलं होतं. मंडळी म्हणाली, वय झालं.

परतताना रिक्षात ते म्हणाले, "तुझी रेघ स्वच्छ आहे रे." थोड्या वेळाने म्हणाले, "त्याला सांगशील ना?"

"सांगतो, काका."

वर्षभरात ते गेले. मी सांगितलं नाही. आधी दुःखाचे दिवस म्हणून, मग त्याने चित्राला फ्रेम केली म्हणून, मग इतकी वर्षं झाली म्हणून.

गेल्या महिन्यात कोलशेतला जाऊन सांगितलं. जुन्या घराच्या जागी आता इमारत आहे. चित्र त्याच्या खोलीत, पलंगासमोर. तो ऐकत होता तेव्हा माझ्याकडे बघत नव्हता, चित्राकडे बघत होता.

"खाडीचं पाणी असं पट्टीने आखल्यासारखं असतं का रे?" तो म्हणाला. "मी पहिल्या दिवशीच बघितलेलं. वाटलं, काकांनी अकरा कार्डं मागवली, पण खाडी काय नीट बघितली नाही. तीस वर्षं मी त्या माणसावर मनात रुसून होतो."

"पाणी त्यांनी बरोबर काढलं होतं."

"आणि बापूस?"

मी उठून फ्रेमजवळ गेलो. "तू जा आता," तो म्हणाला. चहाही विचारला नाही. मी निघून आलो.

आठवड्याने पोस्टकार्ड आलं. हल्ली कोण पाठवतं कार्ड? फिटरचं मोठं, सुटं अक्षर. वर नमस्कार नाही, खाली नाव नाही. एकच ओळ होती: पेन्सिलीत डावा डोळा कसा होता?

मी दोन दिवस डोळे मिटून तो कागद आठवत बसलो. काकांनी तो डोळा दोनदा काढला होता, एकावर एक. एकदा मिटलेला, एकदा उन्हाने किलकिला झालेला. मिटलेला मी निवडला होता. किलकिला पुसला होता. तेवढंच कार्डावर लिहिलं, आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आलो.