पिवळ्या सोंगट्या सलीमच्या

फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा स्क्रू आवळत होतो. नवी पेठेतलं माझं दुकान उघडून जेमतेम झाडलोट झाली होती. रेहानाभाभींचा नंबर दिसला आणि मी आधी वैतागलोच. कारण सलीमला स्वतःचा मोबाइल कुठं ठेवलाय ते कधी आठवायचं नाही, मग तो बायकोच्या फोनवरून मला नवनव्या खेळांचे फोटो पाठवत बसायचा. म्हटलं, झालं, सकाळी सकाळी सुरू झालं याचं! "बोला साहेब," मी म्हणालो. पलीकडं सलीम नव्हता, भाभीच होत्या. "भाई... तुमारे दोस्त गए," एवढंच त्या म्हणाल्या. नमाज पढून आला, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत खुर्चीतच मान टाकली त्यानं. मी तो चष्मा, एक काडी लोंबत असलेला, तसाच त्या गिऱ्हाइकाच्या हातात दिला आणि शटर ओढलं. भला माणूस तो, नंतर येऊन काडी बसवून घेऊन गेला, एका शब्दानं बोलला नाही.

महिना उलटून गेला त्याला. लोक भेटतात, हळहळतात, म्हणतात, सलीम म्हणजे ट्रान्स्पोर्टवाला ना, होटगी रोडवर ऑफिस होतं तो? होय, तोच. पण माझ्या लेखी तो ट्रान्स्पोर्टवाला नव्हता. शाळेत एका बाकावर बसलेला आमचा सलीम साठीला टेकल्यावर बोर्ड गेम विकत घेणारा माणूस झाला होता, आणि त्याच्या त्या येडेपणावर माझा प्रत्येक रविवार उभा होता. मी लग्न केलं नाही. आई गेल्यापासून घरात मी आणि फ्रिजचा आवाज. सोमवार ते शनिवार दुकान असतं, माणसं येतात, अक्षरं वाचून दाखवतात. रविवारचं काय करायचं हा प्रश्न माझ्यासाठी सलीमनं सोडवला होता.

सुरुवात झाली ती बंगळुरूला. त्याचा एक ट्रक तिकडं अडकला होता म्हणून गेला आणि येताना भलामोठा खोका घेऊन आला. थेट माझ्या दुकानात, काउंटरवर आदळला. "श्री, तितं दाढ्या आलेली माणसं खेळत बसली होती रे! ऑफिसला जाणारी. लाकडाची गुरं, लाकडाची माणसं... आणि एक जण फोन बघत नव्हता!" मी म्हणालो, "ह्या वयात लुडो खेळणार का आपण?" तर माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याच्या ट्रकला टमटम म्हणालो. मग दुकानदाराला विचारलेले तीन प्रश्न त्यानं मला अभिमानानं सांगितले. किती जणांनी खेळायचं? संध्याकाळच्या चहाआधी संपतो का? आणि मधेच कुणी बाद होतं का? पुढं कितीतरी खेळ आले, पण हे तीन प्रश्न बदलले नाहीत, आणि तिसऱ्याचं उत्तर 'होय' आलं की तो खेळ कितीही नावाजलेला असला तरी सलीम त्याच्याकडं पाठ फिरवायचा. "एक जण बाद झाला की तो काय करणार? भिंतीला टेकून दुसऱ्यांची मज्जा बघणार. त्यापेक्षा घरी बसलेला बरा की!" शाळेत लंगडी असो नाहीतर लगोरी, अधू पायामुळं सलीम पहिल्या झटक्यात बाद व्हायचा आणि उरलेला वेळ आमच्या चपला राखत बसायचा. त्याचा संबंध त्यानं कधी बोलून दाखवला नाही. मीच आपला अंदाज करतो.

चौघं जमलो. सलीम, मी, शाळेतलाच आमचा नागेश, आणि कलशेट्टी मॅडम. नागेशचा टॉवेलचा कारखाना. घरात तेलुगू, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढल्यामुळं बोलणं कायम वरच्या पट्टीत. कलशेट्टी मॅडम चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका, मूळच्या अक्कलकोटकडच्या, सलीमच्या शेजारी राहायच्या. एकदा आरडाओरडा ऐकून 'काय चाललंय' म्हणून बघायला आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या त्या बसल्याच. नागेशनं टेबलावर अंथरायला जुनी सोलापुरी चादर आणली. तिच्यावर फासा उडत नाही, सोंगट्या घसरत नाहीत. त्या दाढीवाल्यांना बंगळुरात हे सुख कुठलं! सोंगट्या ठेवायला सलीमनं भाभींचा स्टीलचा मसाल्याचा डबा पळवला. सात वाट्या, त्यांतल्या चारांत आमचे चार रंग. लाल नागेशच्या, हिरव्या मॅडमच्या, निळ्या माझ्या आणि हळदीच्या वाटीतल्या पिवळ्या सलीमच्या. किती धुतला तरी त्या डब्याचा वास गेला नाही. शेंगाचटणी-भाकरीचं ताट मात्र शेजारच्या स्टुलावर; तेलकट बोट पत्त्याला लागलं तर सलीम, एरवी मवाळ माणूस, अंगावर धावून यायचा.

खेळ निवडताना त्याला बघायला हवं होतं. लोक म्हणे त्या खेळांना मार्क देतात, याद्या करतात. सलीम त्यांच्याकडं ढुंकूनही बघायचा नाही. तो माणूस बघायचा. नागेशला गप्प बसवत नाही, तर ज्यात घासाघीस आहे असा खेळ. मॅडमना काहीतरी रचायला आवडतं, तर फरश्या जुळवायचा खेळ. आणि खोका मागवण्याआधी त्यातल्या पत्त्यांचे फोटो घेऊन माझ्या काउंटरवर हजर. "हे अक्षर मॅडमना दिसेल का रे?" मॅडमना मोतीबिंदूचा त्रास होता, एका डोळ्याचं ऑपरेशन फारसं साधलं नव्हतं. मग मी भिंग घेऊन बसायचो, पत्ता हातात धरल्यावर अक्षर केवढं असेल त्याचा हिशेब करायचो आणि निकाल द्यायचो, बाद! गिऱ्हाइकं ताटकळायची. मी करवादायचो, "दुकान आहे हे, पोस्टातली चौकशी खिडकी नाही!" पण खरं सांगतो, माझ्या अकलेची इतकी आदबीनं विचारपूस दुसऱ्या कुणी केलेली मला आठवत नाही.

आमच्याकडं रिवाज असा, की जो शेवटचा येईल त्यानं पुढचा खेळ निवडायचा. तेवढीच हरलेल्याची समजूत. आणि शेवटचा कोण यायचा? सलीम. जवळजवळ दर वेळी. याचं कारण त्या बंगळुरूहून आणलेल्या पहिल्या खेळात होतं, जो आम्ही बाकीचे कितीही खोके आले तरी फिरून फिरून खेळायचो. शेतीचा खेळ तो. जमीन नांगरायची, गुरं पाळायची, घर वाढवायचं, आणि दर सुगीला आपल्या घरातल्या माणसांना पोटभर घालायचं. धान्य कमी पडलं तर भिकेचा पत्ता मिळतो आणि गुण जातात. आता, नियमांचं इंग्रजी पुस्तक वाचायचा कंटाळा आम्हा तिघांनाही. वाचलं ते सलीमनं, आणि आम्हाला तोंडी शिकवलं. त्यात त्यानं सांगितलं, की कुणाला धान्य कमी पडलं तर शेजारच्यानं आपल्यातलं द्यायचं, परत मागायचं नाही. आम्ही वर्षानुवर्षं तसंच खेळलो. नागेश बिनधास्त शेळ्या वाढवत सुटायचा, मॅडम धान्य पेरायचं सोडून घराला खोल्या काढत बसायच्या, सुगी आली की दोघं सलीमकडं बघायचे आणि पिवळ्या शेतातलं धान्य निमूट उठून त्यांच्याकडं जायचं. मी? मी जिंकायचो. माझं धान्य मी नेमकं मोजूनमापून ठेवायचो, द्यायला माझ्याकडं उरायचंच नाही.

मग नागेश कारखाना विकून लेकीकडं हैदराबादला गेला. तिथं नातीला घेऊन तोच खेळ खेळला आणि त्याच दुपारी फोनवर ओरडला, "अरे बाबा, हा सलीम आपल्याला फसवला की रे! धान्य द्यायचं असा नियमच नाही पुस्तकात! पोरगी हसली मला!" मी फोन तसाच सलीमच्या कानाला लावला. त्यानं ऐकून घेतलं, चटणीचा घास गिळला आणि म्हणाला, "पुस्तकात नसंल. आपल्यात हाय की."

एवढंच. आम्ही पुढंही तसंच खेळलो.

त्यानंतर मॅडम मुलाकडं बंगळुरूला गेल्या. जाताना हिरव्या सोंगट्यांची वाटी हातात धरून बसल्या होत्या थोडा वेळ, मग झाकण लावून टाकलं. टेबलाशी आम्ही दोघंच. मला वाटलं, आता दोघांचे खेळ आणावे लागतील. सलीमला ते साफ नामंजूर. तो चौघांचे चार पट मांडायचा. पहिले काही रविवार फोन लावून त्या दोघांना विचारलं, तुमची खेळी काय? पण तिकडं नातवंडांचं जेवण, पाहुणे, रेंज नाही... मग फोन थांबले आणि अंदाज सुरू झाले. नागेशचा डाव सलीम खेळायचा, मॅडमचा मी. अट एकच, आपल्या अकलेनं नाही, त्यांच्या अकलेनं खेळायचं. मी मॅडमच्या हातानं चुकून शहाणपणाची खेळी केली, की सलीम हात धरायचा. "मॅडम असं करतील का? आधी खिडकीची बाजू बघतील त्या." नागेशच्या वतीनं तर तो ओरडूनसुद्धा घ्यायचा. भाभी आतून विचारायच्या, "कौन आया जी?"

शेवटची भेट माझ्या दुकानातली. नव्या खेळाचे फोटो घेऊन आला होता. चालून आल्यामुळं धाप लागली होती, पाण्याचा ग्लास एका दमात संपवला. मी भिंग लावलं आणि म्हणालो, "बारीक आहे अक्षर. मॅडमना नाही दिसायचं." तो म्हणाला, "मग नको. दुसरा शोधतो." माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, पण मॅडम आहेत कुठं इथं?" सलीम फोन खिशात घालत होता. "आल्या तर? आल्यावर दिसायला नको का त्यांना?" असं म्हणून तो पायऱ्या उतरला, एक पाय जपून टाकत, आणि गर्दीत मिसळला.

गेल्या आठवड्यात भाभींनी सगळे खोके रिक्षात घालून माझ्याकडं पाठवले. वर चादर आणि मसाल्याचा डबा. फोनवर म्हणाल्या, "तुमीच रखो भाई, मेरे कू देखा नहीं जाता." माझ्या घरात ते ठेवायलाही जागा नाही. एक अख्खी भिंत झाकली गेली. तिच्याकडं बघत मी तीन-चार संध्याकाळी नुसता जेवलो. सलीमची आठवण येते म्हणणं फार मोघम आहे. मला तो हवाय, तिथं समोर, चटणीचं ताट दूर सारत, हवाय. साठी उलटलेल्या माणसानं असं म्हणणं बरं दिसत नाही, पण आहे ते असं आहे.

रविवारी दुपारी मला बसवेना. चादर अंथरली. शेतीचा खेळ काढला, चार पट मांडले, डबा उघडला तर तोच वास... मग खेळायला लागलो. लाल खेळताना नागेशसारख्या शेळ्या वाढवल्या. हिरव्या खेळताना मॅडमच्या खोल्या काढल्या. त्यांच्या खेळ्या जमत होत्या. पिवळ्याची पाळी आली की मात्र हात अडायचा. त्याच्या वतीनं कधी कुणी खेळलंच नव्हतं, तशी वेळच कुठं आली होती? पण सुगी आली, लाल घरात धान्य कमी पडलं आणि मला विचार करावा लागला नाही. पिवळ्यातलं उचललं, दिलं. पुढच्या सुगीला हिरव्याला दिलं. शेवटच्या सुगीला पिवळ्या शेतात काहीच उरलं नाही. त्याची लाकडाची माणसं घरात उभी आणि वाटी रिकामी. भिकेचा पत्ता माझ्या हातात होता. पुस्तकाप्रमाणं तो त्याच्यापुढं ठेवायचा... सलीमपुढं! माझ्या निळ्या शेतात होतं ते धान्य मी ओंजळीनं उचललं आणि तिकडं सरकवलं, आणि मग माझ्या घराला कमी पडलं, द्यायला कुणाकडं काही नव्हतं, तो पत्ता मी घेतला. गुण मांडले. सगळ्यांत शेवटी मी.

आयुष्यात पहिल्यांदा शेवटचा आलो होतो त्या टेबलावर. आणि रिवाज म्हणजे रिवाज.

सलीम ज्या पुण्याच्या दुकानातून खोके मागवायचा, त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. कधीतरी अक्षराच्या चौकशीसाठी त्यानं मलाच बोलायला लावलं होतं. लावला. पलीकडच्या पोरसवद्या माणसानं आधी तेच विचारलं जे सगळे विचारतात. किती जण खेळणार?

मी टेबलाकडं बघितलं. नागेश हैदराबादला, मॅडम बंगळुरूला. पिवळी वाटी अजून पटाशेजारी उघडीच होती.

"चौघं," मी म्हणालो. "अक्षर जरा मोठं हवं. आणि हे बघा, मधेच कुणी बाद होत असेल, तर तो खेळ आम्हाला नको."